एका सेकंदाची कटकट आणि २०३५ ची मुदत

(संकेतस्थळावरच्या चर्चेचा धागा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

फावल्या वेळात

परवा पुन्हा तीच बातमी फिरून आली. 'पृथ्वीचा वेग वाढला, आजचा दिवस इतिहासातला सर्वात लहान!' खाली नेहमीचं भजन: कुणाला प्रलय दिसतोय, कुणाला डोकेदुखीचं कारण सापडलंय. दिवस लहान म्हणजे किती लहान? ५ जुलै २०२४ चा दिवस ८६,४०० सेकंदांना १.६६ मिलिसेकंद कमी भरला होता. पापणी लवायला याच्या पन्नासपटीहून जास्त वेळ लागतो. तेव्हा डोकेदुखीसाठी दुसरं कारण शोधा.

पण या फुसक्या बातमीच्या पोटात एक खरी बातमी आहे आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. लीप सेकंद मोडीत निघतोय.

थोडक्यात सांगतो. जगात दोन घड्याळं आहेत. एक अणुघड्याळ, सिझियम या धातूचं. त्याच्या अणूची ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आंदोलनं झाली की एक सेकंद झाला, १९६७ पासून हीच व्याख्या. दुसरं घड्याळ म्हणजे आपण ज्यावर उभे आहोत तो गोळा. तो कधी रेंगाळतो, कधी घाई करतो. पहिल्याला दुसऱ्याचं सोयरसुतक नाही, म्हणून १९७२ मध्ये तोड काढली: दोघांत ठरावीक मर्यादेपेक्षा (आता ती ०.९ सेकंद आहे) जास्त फरक पडू द्यायचा नाही. पडायला लागला की शक्यतो ३० जून किंवा ३१ डिसेंबरच्या शेवटी एक सेकंद घुसडायचा. त्या रात्री २३:५९:५९ नंतर ००:००:०० येत नाही, २३:५९:६० येतं. असं आजवर २७ वेळा झालं. शेवटचं ३१ डिसेंबर २०१६ ला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हर्सायला वजनमापांची जागतिक महापरिषद भरली. (किलोग्रॅमची नवी व्याख्या मंजूर करणारी तीच.) तिथे ठराव झाला की २०३५ पर्यंत ही ०.९ ची मर्यादा सैल करायची, इतकी की पुढची निदान शंभर वर्षं मध्येच सेकंद घुसडावा लागू नये. नवी मर्यादा किती, तो आकडा ठरावात नाही. एक मिनिट असावी अशी चर्चा असते.

आता माझं म्हणणं. ठराव चूक आहे असं मी म्हणत नाही. पण तो विज्ञानाचा निर्णय म्हणून आपल्या गळ्यात मारला जातोय, त्याला माझा आक्षेप आहे. पृथ्वीबद्दल नवं काही कळलं म्हणून ही मर्यादा सैल होत नाहीये. पृथ्वी अशीच वागते हे १९७२ लाही माहीत होतं. बदललंय ते एवढंच, की मधल्या काळात आपण सगळं जग अशा सॉफ्टवेअरवर चढवलं ज्याला मिनिटात ६१ सेकंद असू शकतात हे पटत नाही. २०२२ च्या जुलैत मेटाच्या इंजिनिअरांनी जाहीर लेख लिहून लीप सेकंद बंद करा म्हणून मागणी केली आणि त्याच वर्षी ठराव आला. चळवळ जुनी आहे, मान्य. पण शेवटचा धक्का कुणी दिला ते दिसतंय.

पूर्वी वेळ आकाश ठरवायचं. मग रेल्वे आली, वेळापत्रकं जुळेनात, तेव्हा गावोगावची वेळ बंद करून एकच वेळ केली. आता सर्व्हर ठरवणार. प्रत्येक वेळी ज्याचं यंत्र मोठं त्याच्या सोयीचा सेकंद. नाचता येईना म्हणून अंगण सरळ करून घेतलं, असं माझं मत. चालू द्या.

रातपाळी

नाचता येईना वगैरे म्हणणाऱ्यांनी ३० जून २०१२ च्या रात्री माझ्या खुर्चीत बसायला हवं होतं.

तेव्हा मी एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचो. नाव विचारू नका. लीप सेकंद येणार हे सहा महिने आधी जाहीर होतं, आम्ही ईमेल वाचलं होतं, 'एक सेकंद तर आहे' म्हणून सोडून दिलं होतं. वेळ झाली. काहीच पडलं नाही. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. मग पडद्यावरचे आलेख एकेक करून वर जायला लागले. प्रोसेसर १००%. एक मशीन, चार मशीन, मग अख्खी रांग. जावावर चालणारं आणि डेटाबेसचं जे जे होतं ते सगळं जीव तोडून पळत होतं आणि काम शून्य.

कारण नंतर कळलं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, घड्याळाने सेकंद मागे घेतला, पण टायमर सांभाळणाऱ्या भागाला ते कुणी सांगितलंच नाही. दोघांत एका सेकंदाची फारकत. त्यामुळे 'जरा झोप, अर्ध्या सेकंदाने उठ' असं सांगितलेली प्रत्येक प्रक्रिया झोपायच्या आतच उठायची. पुन्हा झोप, पुन्हा ऊठ. सेकंदाला हजारो वेळा. त्या रात्री रेडिट हे चर्चेचं संकेतस्थळ बंद पडलं होतं. जर्मनीतल्या हेट्झनर या होस्टिंग कंपनीने आपल्या ग्राहकांना कळवलं की विजेचा वापर अचानक साधारण एक मेगावॅटने वाढलाय, कृपया आपापली मशीन बघा.

आणि उपाय काय, तर मशीनला तारीख विचारायची आणि तीच तारीख परत तिला सांगायची. बस. `डेट` कमांड एकदा चालवली की गप्प. तीनशे मशीनवर हे करताना उजाडलं.

म्हणून सांगतो, लीप सेकंद मेला तर मी सुतक पाळणार नाही.

मूकवाचक

रातपाळी, दंडवत! 'झोपायच्या आतच उठायची' हे घरात लहान बाळ असलेल्यांना लगेच कळेल.

मूकवाचक

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला.)

शंकासुर

धागा आवडला, पण माझा मूळ मुद्द्यातच गोंधळ आहे. शाळेत शिकलो की भरती-ओहोटीमुळे पृथ्वी मंदावतेय, म्हणून सेकंद वाढवतात. मग आता वेग वाढला म्हणजे काय? आणि मंदावते म्हणजे इतकी, की दीड वर्षात एक सेकंद? मग डायनासोरांच्या काळी दिवस किती तासांचा होता म्हणायचा?

तिरपा आस

शंकासुर, तुम्ही जिथे अडलात तिथे बातम्या लिहिणारेही अडतात. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात.

मंदावणं खरं आहे, पण ते अगदी हळू: दिवस शंभर वर्षांत सरासरी १.७ मिलिसेकंदांनी लांबतो. लीप सेकंद मात्र साठलेल्या उधारीचा असतो. दिवस ८६,४०० सेकंदांपेक्षा रोज पावणेतीन मिलिसेकंद जास्त भरत असेल, तर पृथ्वी त्या वर्षात आणखी तसूभरही मंदावली नाही तरी वर्षाअखेर एक सेकंद साठतो. १९७० च्या दशकात तेच चाललं होतं, म्हणून १९७२ ते १९७९ मध्ये नऊ लीप सेकंद झाले.

मुळात दिवस ८६,४०० पेक्षा मोठा का भरतो? कारण आपला सेकंदच जुन्या मापाचा आहे. सिझियमचा सेकंद ठरवताना तो आधीच्या खगोलीय सेकंदाशी जुळवून घेतला. तो खगोलीय सेकंद आला होता सायमन न्यूकम यांच्या सूर्यकोष्टकांतून आणि ती कोष्टकं अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या निरीक्षणांवर बेतलेली. सरासरी काढली तर १८२० च्या आसपासचा दिवस. म्हणजे जगातलं सगळ्यात आधुनिक घड्याळ दोनशे वर्षांपूर्वीच्या पृथ्वीच्या मापाचा अंगरखा शिवतंय, आणि पृथ्वी आता त्यात मावत नाही म्हणून आपण मधूनमधून उसवून एक सेकंदाची पट्टी लावतोय.

आता वेगाबद्दल. दीर्घकाळात ती मंदावते, पण दशकादोन दशकांच्या हिशेबात वर-खाली करते. १९९८ अखेरपर्यंत २२ लीप सेकंद झाले होते, त्यानंतर २०१६ पर्यंत फक्त पाच. आणि त्यानंतर एकही नाही. सध्याचा दिवस जवळपास १८२० च्या मापावर परत आलाय.

माझा स्वतःचा स्वार्थही सांगून टाकतो. दुर्बिणीसाठी हा वाद तात्त्विक नाही. पृथ्वी एका सेकंदात १५ कंस-सेकंद वळते (कंस-सेकंद हे कोनाचं माप, एका अंशाचा ३६०० वा भाग). गुरू ग्रह पृथ्वीजवळ असताना दुर्बिणीत साधारण ४० ते ५० कंस-सेकंदांचा दिसतो. म्हणजे एक सेकंदाची चूक झाली की नेम गुरूच्या एक तृतीयांश अंगाने सरकला. मोठ्या वेधशाळा पृथ्वीची खरी स्थिती रोजच्या आकड्यांवरून घेतात, त्यांचं अडणार नाही. पण जुन्या दुर्बिणींच्या सॉफ्टवेअरमध्ये 'फरक ०.९ च्या आतच असणार' हे ठोकून बसवलेलं आहे. रेडिओवरच्या वेळेच्या संदेशांतही या फरकाला तेवढीच जागा ठेवलीय. ते कुणी बदलायचं? ज्यांनी ते लिहिलं त्यातले निम्मे निवृत्त झालेत. फावल्या वेळात यांचं 'सोय कुणाची' हे बरोबर आहे. गैरसोय संपत नाही, तिचा पत्ता बदलतो.

गार पाणी

एवढा गहजब कशाला? आकाशाशी नातं तुटलं म्हणे. ते कधीच तुटलंय.

भर दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो असं ज्याला वाटतं त्याने एकदा छायाघड्याळ लावून बघावं. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, एवढ्या दोन कारणांनी छायाघड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ यांत वर्षभरात सोळा मिनिटांपर्यंत फरक पडतो. तोही सरळ नाही, कधी पुढे कधी मागे. त्यात टाइम झोन. अख्खा चीन एकाच वेळेवर चालतो, पूर्व टोकापासून पश्चिम टोकापर्यंत. पश्चिमेला सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात तीन वाजत आलेले असतात. त्यावर अनेक देशांचं डेलाइट सेव्हिंग, वर्षातून दोनदा एकेक तास इकडून तिकडे. लोक कुरकुर करतात आणि जगतात.

आणि आपण शंभर वर्षांत साठणाऱ्या एखाद्या मिनिटावर गळे काढतोय. एक तास साठायला कित्येक शतकं जातील. तेव्हाचे लोक टाइम झोन एकाने सरकवतील आणि कामाला लागतील.

फावल्या वेळात

गार पाणी, चीनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तो एकच टाइम झोन सूर्याने नाही, सरकारने ठरवला. मी तेच म्हणतोय: हा राजकीय निर्णय आहे, तर तो राजकीय म्हणून मांडा.

आणि रातपाळीसाहेब, तुमच्या रात्रीबद्दल पूर्ण सहानुभूती. पण तुमच्याच गोष्टीत दोष कुणाचा निघाला? सेकंदाचा की ईमेल वाचून सोडून देणाऱ्याचा? १ जानेवारी २०१७ ला क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीला फटका बसला तेव्हाही हेच. त्यांच्या डीएनएसच्या (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेच्या) कोडमध्ये वेळ कधीच मागे जात नाही असं गृहीत धरलं होतं. दोन वेळांची वजाबाकी ऋण आली आणि प्रोग्रॅम कोसळला. चाळीस-पंचेचाळीस वर्षं जाहीर असलेला नियम होता तो! कॅलेंडरात २९ फेब्रुवारी असतो हे न कळल्यामुळे प्रोग्रॅम पडला तर आपण फेब्रुवारीला सुळावर देतो का?

रातपाळी

फेब्रुवारीचं गणित शंभर वर्षं आधी मांडता येतं. लीप सेकंद कधी येणार हे पॅरिसच्या वेधशाळेतून सहा महिने आधी कळतं, त्यापूर्वी देवालाही नाही. हा फरक लक्षात घ्या राव. गणिताने येणारी गोष्ट कोडमध्ये लिहिता येते. पत्राने येणारी गोष्ट कुणीतरी वाचावी लागते.

आणि मोठ्या कंपन्यांनी पळवाट काढलीच आहे, तीच जास्त घातक आहे. गूगल तो सेकंद घुसडतच नाही. आदल्या दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंतचा प्रत्येक सेकंद किंचित ताणतात आणि चोवीस तासांत एक सेकंद पचवून टाकतात. छान. पण बाकीचे आपापल्या पद्धतीने ताणतात, कुणी आधीपासून, कुणी नंतर, आणि सरकारी घड्याळं ताणतच नाहीत. म्हणजे त्या दिवशी 'आत्ता किती वाजले' याची जगात चार अधिकृत उत्तरं. एकच जागतिक वेळ असावी म्हणून जो सेकंद घातला, त्यानेच ती फोडली.

खरडवही

राजकारणाचा विषय निघालाच आहे तर रशियाला विसरू नका. व्हर्सायच्या ठरावाविरुद्ध मत दिलं ते रशियाने. त्यांना मुदत आणखी पुढे हवी होती. आकाशप्रेम वगैरे काही नाही. अमेरिकेच्या जीपीएसने १९८० मध्ये घड्याळ सुरू केलं तेव्हापासून लीप सेकंद कधी घेतलेच नाहीत, म्हणून ते आज जागतिक वेळेच्या बरोबर १८ सेकंद पुढे आहे. युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बेइडो, भारताचं नाविक, सगळे विनाखंड. एकट्या रशियाच्या ग्लोनासने प्रामाणिकपणे लीप सेकंद पाळले. आता नियम बदलला की उपग्रहांपासून जमिनीवरच्या केंद्रांपर्यंत बदल त्यांनाच करायचे. नियम पाळणाऱ्याच्या नशिबी नेहमी हेच येतं. (रशियाबद्दल हे वाक्य पुन्हा कधी लिहावं लागेल असं वाटत नाही.)

ब्रिटनही बरीच वर्षं आडवा होता. ग्रिनिचचा सूर्य आणि ग्रिनिचची वेळ यांची ताटातूट त्यांना कशी सोसवणार? २०१२ मध्ये जिनिव्हाच्या दूरसंचार बैठकीत विषय पुढे ढकलला, २०१५ मध्ये पुन्हा ढकलला. एका सेकंदावर एवढी वर्षं खर्ची पडलीत.

तरी फ्रेंचांची सर कुणाला नाही. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला मूळ रेखावृत्त ग्रिनिचचं ठरलं, तेव्हा फ्रान्सने मत दिलंच नाही. पुढे सत्तावीस वर्षं पॅरिसची वेळ चालवली. १९११ मध्ये शेवटी माघार घ्यावी लागली, पण कायद्यात ग्रिनिच हा शब्द येऊ दिला नाही. फ्रान्सची अधिकृत वेळ काय, तर 'पॅरिसची सरासरी वेळ, ९ मिनिटं २१ सेकंद मागे केलेली'. ती नेमकी ग्रिनिचची वेळ होते हा निव्वळ योगायोग! आणि जागतिक वेळेची यूटीसी ही आद्याक्षरं बघा. इंग्रजी क्रमाने सीयूटी व्हायला हवं होतं, फ्रेंच क्रमाने टीयूसी. भांडण नको म्हणून दोघांचंही नसलेलं तिसरंच घेतलं.

मूकवाचक

९ मिनिटं २१ सेकंद मागे केलेली, हसून हसून पुरेवाट. याला म्हणतात पडलो तरी नाक वर.

शंकासुर

तिरपा आस, १८२० चं डोक्यात लख्ख बसलं, आभार. एक शेवटचा प्रश्न. दिवस ८६,४०० पेक्षा लहान भरायला लागला आणि तसाच राहिला, तर उधारी उलटी साठेल ना? मग काय सेकंद काढून घेणार?

तिरपा आस

काढूनच घेणार. नियमात ती सोय पहिल्यापासून आहे, वापरली एकदाही नाही. अधिक सेकंद २७ झाले, क्षय सेकंद शून्य.

आणि इथे एक चमत्कारिक गोष्ट आहे. मार्च २०२४ मध्ये डंकन ॲग्न्यू या भूभौतिकशास्त्रज्ञाचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. त्यांचा हिशेब असा: पृथ्वीच्या पोटातला द्रव गाभा मंदावतोय. एकूण कोनीय संवेग (फिरण्याचा एकूण जोर) तेवढाच राहायचा असल्यामुळे वरचं कवच वेग घेतंय. पण त्याच वेळी ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचा बर्फ वितळून ते पाणी ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे पसरतंय. गिरकी घेणाऱ्या नर्तकीने हात बाहेर फेकावेत तसं, म्हणजे वेग कमी. दोन्हींची बेरीज-वजाबाकी करून त्यांनी म्हटलं, बर्फ वितळला नसता तर पहिला क्षय सेकंद २०२६ मध्येच लागला असता. वितळल्यामुळे तो २०२९ वर गेला.

वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो. माणसाने धुराडी पेटवली, त्याने बर्फ वितळला आणि तो फरक थेट घड्याळाच्या हिशेबात मोजता आला. गार पाणी म्हणतात आकाशाशी नातं तुटलं, पण घड्याळात जमिनीवरचं किती दिसतं बघा. लीप सेकंद काढून टाकला की ही गोष्ट दिसायची बंद होणार नाही, वैज्ञानिक मोजतच राहतील. पण बाकीच्यांच्या घड्याळात ती उमटणार नाही.

गार पाणी

हे मला माहीत नव्हतं. माझ्या आधीच्या प्रतिसादातलं 'गहजब' मागे घेतो. मत मागे घेत नाही.

फावल्या वेळात

तिरपा आस, हा तुमचा प्रतिसाद धाग्यात वर असायला हवा होता, मी लिहिलेलं खाली.

मग हिशेब असा दिसतो: क्षय सेकंद २०२९ च्या आसपास लागू शकतो, आणि नियम सैल व्हायची मुदत २०३५. मधल्या सहा वर्षांत तो आलाच तर? अधिक सेकंदाने २७ वेळा तालीम होऊनही एवढा गोंधळ घातला. याची तर एकदाही तालीम नाही. रातपाळीसाहेब, तुमची मशीन तयार आहेत का? २३:५९:५८ नंतर थेट ००:००:०० हे त्यांनी कधी बघितलंय?

रातपाळी

बघितलंय. हा धागा आल्यावर राहवलं नाही, म्हणून काल चाचणीच्या एका मशीनवर नकली क्षय सेकंद सोडला. आता मी दुसरीकडे काम करतो. इथेही नाव नको.

२०१२ सारखं काही होईल म्हणून आलेख उघडून बसलो होतो. प्रोसेसर शांत. मेमरी शांत. लॉगमध्ये एकही लाल ओळ नाही. ५८ नंतर ०० आलं आणि सगळं सुरळीत पुढे गेलं. मी तर निकाल 'उत्तम' म्हणून लिहूनही टाकला.

आज सकाळी बघतो तर अहवालात कालची आणि आजची नोंद एकाच तारखेखाली. आमच्याकडे रोजचा हिशेब बंद करणारं एक काम आहे, कुणीतरी फार पूर्वी लिहिलेलं. ते बरोबर २३:५९:५९ ला सुटतं. काल २३:५९:५९ झालंच नाही. त्यामुळे ते सुटलं नाही, सुटलं नाही म्हणून अडलं नाही, आणि अडलं नाही म्हणून कुठे बोंब नाही. कालचा दिवस अजून उघडाच आहे.

शंकासुर

बापरे. मग दुरुस्त केलंत?

रातपाळी

दुरुस्तीचं तिकीट काढलंय, म्हणजे तक्रार नोंदवलीय. साहेबांनी प्राधान्य 'कमी' लावलं. खाली शेरा आहे: एक सेकंद तर आहे.